मी केलेलं भाषांतर

ही गोष्ट जशी घडली तशी मी परवापर्यंत कोणाला सांगितलेली नव्हती. तिची बनवलेली आवृत्ती मात्र पुष्कळदा सांगितली आहे – टोकियोत जिथे जिथे चार मराठी घरं जमतात तिथे, चहाबरोबर, हातवारे करून, नकला करून. जेवणं झाली की कोणीतरी म्हणतंच, "सांग रे ते वहिनींच्या नोकरीचं," आणि मी लगेच सुरू होतो. निदान थोडे आढेवेढे तरी घ्यायला हवे होते, नाही?

पण असं मधूनच सुरू करून चालणार नाही. आधी पाकिटांचं सांगतो.

आम्ही टोकियोतल्या फुनाबोरीला राहतो – मी, मेधा आणि आमची मुलगी सई. आमच्यासारखी पुण्या-मुंबईची बरीच कुटुंबं आसपास आहेत, सगळी सॉफ्टवेअरवाली, आणि सगळी 'दोन वर्षांत परत' जाणारी. मी तर आलो त्या वर्षापासून दोन वर्षांत परत जातोय. मग मध्यंतरी जपानमध्ये पेन्शनच्या नोंदींचा मोठा घोळ उघडकीला आला. लोकांनी वर्षानुवर्षं नोकऱ्या केलेल्या, पगारातून पैसे कापले गेलेले, आणि नोंदी मात्र कुठेतरी भलत्याच नावावर. म्हणून घरोघर पाकिटं यायला लागली: तुम्ही कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत कुठे कामाला होता, कुठल्या महिन्यात किती पगारावर कपात झाली – तपासा आणि बरोबर आहे का ते कळवा.

आता ही पाकिटं वाचणार कोण? अर्थात मी. जपानी भाषेची बरी परीक्षा पास झालेला आमच्या गोतावळ्यातला मी पहिला माणूस, आणि ते मी कोणाला विसरू दिलं नव्हतं. कोणाच्या बायकोची प्रसूती असो, कोणाच्या घरमालकाशी कचऱ्याच्या पिशव्यांवरून वाजलेलं असो – मध्ये मी. दोघांच्या मध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला सांगायचं, आणि दोघांनीही माझ्याकडेच बघायचं. या सुखाची चटक लागते, खरंच सांगतो.

त्या रविवारी आमच्या घरात पोहे आणि पाकिटं अशी दोन्हींची रास पडली होती. इचिकावाहून आमचा मित्र निनाद आला होता. त्याची कावासाकी शहरातली सगळी नोकरी नोंदींतून गायब होती. मी फोन करून, चौकशी करून ती शोधून काढली – कोण्या कारकुनाने त्याच्या वडिलांचं नाव हेच आडनाव समजून दुसरा एक निनाद तयार केला होता. आमच्या लोकांच्या नोंदींत ही चूक घरटी एक. निनाद म्हणाला, "तू नसतास तर मी म्हातारपणी माझ्याच बापाच्या नावाने पेन्शन मागत बसलो असतो." सगळे हसले. मी चष्मा पुसला. हिरो लोक काय करतात मला माहीत नाही, मी चष्मा पुसतो.

मग मेधाने तिचं पाकीट आणलं.

त्यात फार काही नव्हतं. पेन्शनच्या हिशेबात माणसांचे तीन प्रकार असतात, आणि तिसरा प्रकार म्हणजे नोकरदाराच्या आधारावरचा जोडीदार. मेधा पहिल्यापासून त्या तिसऱ्या प्रकारात. फक्त मध्येच काही महिने कोरे होते. माझं कावासाकीचं कंत्राट संपून दुसरी नोकरी लागेपर्यंतचे ते महिने. त्या काळात मीच कुणाच्या आधारावर नव्हतो, तर माझ्या आधारावर कोण असणार?

निनादने डोकावून पाहिलं. "पण वहिनी, तुम्ही तर तेव्हा त्या लॅबमध्ये होतात ना? पाणी तपासायच्या?"

"होते की. पण अरुबाइतो," मेधा म्हणाली. अरुबाइतो म्हणजे इथली अर्धवेळची, तासांवरची नोकरी. तिची पेन्शनमध्ये नोंद नाही. "कायमची कुठे घेतली त्यांनी मला? हा सांगेल, याला पाठ आहे."

आणि मी ती गोष्ट सांगितली. तिच्या पाकिटावर हात ठेवून सांगितली. प्रयोगशाळेच्या प्रमुख नोगुची-सान, म्हणजे आपल्याकडच्या नोगुचीबाई, मेधाला कशा बोलावतात, मी दुभाष्या म्हणून कसा सूट घालून जातो, 'तुमचं काम उत्तम आहे, पण परदेशी माणसाला कायम करणं आम्हाला जमणार नाही' हे त्या किती गोड सांगतात, आणि मग दोघी एकमेकींपुढे कशा वाकतात – एक उठते तोवर दुसरी खाली, दुसरी उठते तोवर पहिली खाली. मी ते करूनही दाखवतो. "जपानने आमच्या मेधाला नाकारलं, पण कमरेत वाकून," हे शेवटचं वाक्य. सगळे हसले. मेधाही हसली आणि पोह्यांच्या बश्या उचलून आत गेली.

कोऱ्या महिन्यांचं निस्तरायला आम्ही दोघं पेन्शनच्या कचेरीत गेलो. एव्हाना मेधाचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. त्या 'नकारानंतर' तिने लॅब सोडली होती, एका सुपरमार्केटच्या बेकरीत पाव पिशव्यांत भरण्याचं काम धरलं होतं, आणि दुपारभर भाषेचा अभ्यास केला होता – माझ्या परीक्षेच्याही वरची परीक्षा देण्याइतका. 'परदेशी' म्हणजे त्यांना आपली भाषा कच्ची वाटली, असं तिने मनाशी ठरवलं होतं. विश्लेषण रसायनशास्त्रातली एम.एस्सी. बाई – मोजून पिशवीत सहा पाव. हे मला रोज दिसत होतं. पावही मीच खात होतो.

खिडकीमागच्या तरुण मुलाने विचारलं, या महिन्यांत तुम्ही कुठे काम करत होता का? मेधाने लॅबचं नाव सांगितलं. पूर्णवेळ? नाही. त्याने सहज पुढचं विचारलं – पूर्णवेळ होण्याबद्दल कधी बोलणं झालं नव्हतं का? मेधा स्वच्छ जपानीत म्हणाली, "झालं होतं. त्यांना मी योग्य वाटले नाही. परदेशी होते म्हणून."

तो मुलगा खुर्चीतल्या खुर्चीत वाकला आणि म्हणाला, हे ऐकून फार वाईट वाटलं, मी माफी मागतो.

तो माफी मागत होता. मी शेजारी बसलो होतो, मांडीवर तिची पर्स घेऊन. तोंड उघडायला तो एक क्षण पुरेसा नव्हता का? मी पर्सची चेन बंद होती ती पुन्हा बंद केली.

आता सांगतो. लॅबच्या त्या खोलीत नोगुची-सानसमोर काय झालं ते.

खोली लहान होती. नोगुची-सान साठीच्या जवळ आलेल्या, पांढरा कोट, खिशाला पेनं. मेधाचं जपानी तेव्हा दुकानातल्या 'पिशवी नको' पुरतंच होतं. नोगुची-सान बराच वेळ बोलल्या, हळू, मला कळावं म्हणून थांबत थांबत. त्यांना मेधाला कायम नोकरीत घ्यायचं होतं. पूर्णवेळ, पगार, विमा, पेन्शन, सगळं रीतसर. व्हिसा बदलावा लागेल, त्याची कागदपत्रं कंपनी करेल, असंही म्हणाल्या. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी मेधाला मराठीत म्हणालो, "काम आवडतं म्हणतायत. पण परदेशी माणसाला कायम करता येत नाही म्हणे. आहे तसंच चालू ठेवूया म्हणतायत."

आणि नोगुची-सानना जपानीत म्हणालो, "ती फार आभारी आहे. पण घर आणि मुलगी आधी, असं तिचं म्हणणं आहे. आहे तसंच बरं."

माझ्या व्याकरणात एकही चूक नव्हती.

मेधाचा चेहरा पडला. नोगुची-सानचाही पडला, पण त्यांना आश्चर्य वाटलं नाही – असं उत्तर त्यांनी बायकांकडून आयुष्यभर ऐकलं असावं. मेधाने पाहिलं की त्यांनाही वाईट वाटतंय, म्हणजे बिचाऱ्यांचाही नाइलाज दिसतो. म्हणून ती समजुतीने वाकली. त्यांनी पाहिलं की हिला नकार देताना त्रास होतोय. म्हणून त्याही समजुतीने वाकल्या. एक उठते तोवर दुसरी खाली. ती नक्कल मी करतो ना, तेवढा भाग अगदी खरा आहे.

का केलं? आधी मी स्वतःला सांगायचो की सईला बालवाडीतून कोण आणणार म्हणून. पण सईला तेव्हा मीच आणत होतो. मला दुसरा काय उद्योग होता? कंत्राट संपलं होतं, मुलाखतींना जायचं आणि 'कळवू' ऐकून यायचं. आणि अशात बायकोला कायमची नोकरी. व्हिसा तिच्या नावावर, विमा तिच्या नावावर, आणि मी – तिसऱ्या प्रकारचा. नोगुची-सान बोलत असताना मला एवढंच दिसत होतं, की निनादच्या घरी जेवायला गेलोय आणि कोणीतरी विचारतंय, सध्या काय चाललंय? बाकी काही दिसलं नाही. मेधा तर मुळीच दिसली नाही, आणि ती माझ्या डाव्या हाताला बसली होती.

परतताना आम्ही सायकली हातात धरून चालत होतो. मेधा म्हणाली, "सॉरी रे. आत्ता नेमकी गरज होती, आणि मला जमलं नाही." मी म्हणालो, जाऊ दे, त्यांचंच नुकसान आहे. कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानातून, तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. तिने अर्धं मला दिलं. मी ते खाल्लं.

पुढे मला नोकरी लागली. तेव्हा सांगता आलं असतं. लॅब सोडते म्हणाली तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. पण तोवर मी गोष्ट दोनदा लोकांना सांगून बसलो होतो, आणि ती रंगली होती.

कचेरीतून आल्यावर थोड्याच दिवसांनी सईच्या शाळेत क्रीडादिनाची तयारी सुरू झाली. माइकवरून स्पर्धांची घोषणा करायला मुलं निवडायची होती. सईला दिवसभर दुसरं काही करायचंच नसतं – बोलणं आमच्याकडे बापाकडून आलेलं आहे. पण तिने हातच वर केला नाही. मी विचारलं, का गं? ती गृहपाठातून डोकं वर न काढता जपानीत म्हणाली, "आईला पण नाही घेतलं ना. आपल्यासारखी नावं असली की नाही घेत." जपानमधल्या कोणीही तिला हे शिकवलं नव्हतं. तिने ते आमच्याच दिवाणखान्यात ऐकलं होतं, लोक हसत असताना.

परवा शनिवारी सकाळी मेधा सिंकपाशी कचरा वेगळा करत होती, बाटल्यांची लेबलं सोलत. मी तिला सांगितलं. या कागदावर जसं आलंय तसं नीट नाही आलं – मागचं पुढे, पुढचं मागे. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. लेबलं सोलून झाली. मग नळ बंद करून म्हणाली, "त्या नक्की काय म्हणाल्या होत्या? जपानीतच सांग. तू भाषांतर करू नकोस."

मला शब्दन् शब्द आठवत होता. मी तो तसाच म्हटला. त्यात एक वाक्य असं होतं, जे मी त्या खोलीत खोटंसुद्धा करून सांगितलं नव्हतं, सरळ गाळलं होतं: इथे सगळ्यांचं काम मी पुन्हा तपासते, मेधा-सानचं तपासावं लागत नाही.

"परत म्हण," मेधा म्हणाली.

मी परत म्हटलं.

तिने ओटा पुसला. नोगुची-सान आता कुठे आहेत, विचारलं. मी म्हणालो, निवृत्त झाल्या असं ऐकलंय. तिने फडकं पिळून वाळत घातलं. मग म्हणाली, "सईला तू सांगायचंस. आणि गोष्ट करून नको सांगूस."

संध्याकाळी सांगितलं. गोष्ट न करता सांगायला मला फार वेळ लागला, आणि वाक्यं फार थोडी निघाली. ती कंपनी हो म्हणाली होती. बाबा नाही म्हणाला. आईला बाबा खोटं बोलला. सईने मराठीत विचारलं – ती माझ्याशी मराठीत क्वचितच बोलते – "म्हणजे आई पास झाली होती?"

हो, म्हणालो.

ती उठली आणि आईकडे गेली.