साबणदादांचा चौथा कोपरा

चहाचा कप डाव्या हातात. उजवा अंगठा कायम मोकळा. कुणाशी हात मिळवला की आधी तळव्याची रुंदी बघायची, मग नाव विचारायचं. दाराची कडी डोळे मिटून लावायची. अंघोळीच्या साबणाला ब्लेडने फोनचा आकार द्यायचा आणि तो भिजायच्या आत त्यावर बायकोचं मत घ्यायचं. स्वतःजवळ फोन बाळगायचा नाही, कारण "हातात धरावा असा अजून कुणी केलाच नाही."

या साबणापायी सगळे त्यांना साबणदादा म्हणत.

आमचं ऑफिस दुसऱ्यांना फोनची डिझाइनं करून देतं. खोक्यावर नाव एका कंपनीचं, आकार आमचा, जुळणी तिसऱ्याच देशातल्या कारखान्यात. मी साहित्याचा पदवीधर. तिथे 'बॅटरी संपत आली आहे' अशा ओळी लिहितो. माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लेखन तेच. दादा शेजारच्या टेबलावर फोनचे नमुने घडवत. आत काही नाही, नुसतं अंग. गिऱ्हाइकाने ते धरून बघायचं. माझ्या ओळी दादा मोठ्याने वाचत आणि म्हणत, "बरी आहे. पण बोचते."

एके दिवशी साहेब म्हणाले, "नमुनेही आता बाहेरून करून घेऊ. आधी एक मागवून बघू. त्यांचा सरस निघाला तर दादा, तुमचं टेबल बंद. तुमचा निघाला तर राहील."

"राहील काय, दोन होतील," दादा मला म्हणाले. त्यांनी मन लावून नमुना केला आणि साहेबांकडे दिला.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या घरी चहाला गेलो होतो. तेवढ्यात त्यांचा मेहुणा आला. त्याचा प्लास्टिकच्या खेळण्यांचा लहानसा कारखाना. त्याने पिशवीतून एक कागद काढला.

"दाजी, एवढा फोन घडवून द्या. मोठ्या ठिकाणचं काम मिळालंय. माझी माणसं बदकं करतात हो. त्यांनी फोन केला तर त्याला चोच येईल."

दादांनी कागद उलगडला. रेघा त्यांच्याच हातच्या होत्या. आमच्या ऑफिसने बाहेर दिलेलं काम बाहेरच्यांनी आणखी बाहेर दिलं होतं, आणि ते फिरत फिरत दादांच्याच घरी आलं होतं.

"हे नाही जमणार. माझ्याच मुळावर येईल."

वहिनी गॅसपाशी होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. "माझ्या भावाने जन्मात एक गोष्ट मागितली."

"एक? माझी स्कूटर नेली ती अजून यायचीय."

"बरं. मग यापुढे घरात साबण कुठला आणायचा, कापायचा की नाही, ते मी ठरवणार."

दादांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

मला पोचवायला ते फाटकापर्यंत आले. मी म्हणालो, "मुद्दाम वाईट करा."

"बघतो प्रयत्न करून," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात दोन्ही नमुने साहेबांसमोर आले. पांढरे, जुळ्या भावांसारखे. कुठला कुणाचा ते सांगणाऱ्या खुणा तेवढ्या बुडाला. साहेबांनी दोन्ही धरून बघितले. "मला काही फरक कळत नाही. दादा, तुम्हीच सांगा. तुमच्यासारखा अंगठा कुणाचा आहे इथे?"

माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त स्वतःच्या नमुन्यावर बोट ठेवायचं होतं.

दादांनी डोळे मिटले. पहिला धरला, ठेवला. दुसरा धरला. अंगठा कडेवरून हळूच फिरला. चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला घाम फुटला.

"हा," ते म्हणाले.

बाहेरचा.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "अहो, काय केलंत हे?"

"दोन्ही माझेच ना. पहिल्याचे कोपरे बोचतात. दुसरा करताना ध्यानात आलं."

"तुम्ही वाईट करणार होतात!"

"केला होता की. ही म्हणाली, बदक दिसतंय. मग राहवेना."

"आणि टेबल?"

"मेहुण्याकडे आहे एक. त्यावरची बदकं तेवढी हलवावी लागतील."

तसंच झालं. आमचे नमुने आता दोन कंपन्यांतून फिरून दादांकडेच जातात. साहेब म्हणतात, बाहेरचं काम झकास असतं.

शेवटच्या दिवशी दादा हरलेला नमुना घेऊन बसले. सोबत पॉलिश पेपर. मी म्हटलं, "आता तो कोण धरणार आहे?"

"मी धरला होता," ते म्हणाले आणि घासत राहिले.

तिसरा कोपरा झाला तोच खालून हॉर्न वाजू लागला. मेहुणा, दादांच्याच स्कूटरवर. "दाजी, चला! टेम्पो आलाय!"

"उद्या येऊन पुरा करतो," दादा म्हणाले. ऑफिसच्या फाटकावर त्यांनी आत यायचा पास परत केला, ते मी खिडकीतून बघितलं.

नमुना माझ्या टेबलावर आहे. ओळ सुचेना की हातात घेतो. तीन कोपरे लोण्यासारखे. चौथा बोचतो.