बाकड्यावर बसणारे गुरुजी

गुरुजी मोठ्या इस्पितळात गेले की आधी डॉक्टरकडे जायचे नाहीत. बाहेरच्या बाकड्यावर तास-दोन तास बसायचे. किडनी बदललेले जुने पेशंट तपासणीला आलेले असत, त्यांना विचारायचे. किती वर्षं झाली, ताप आला तर फोन कोण उचलतं, कागदपत्रांना कोण मदत करतं. शेवटचा प्रश्न ठरलेला. "तुमच्या बरोबरचे जे आता येत नाहीत, त्यांचं काय झालं?" गुरुजी उत्तराची वाट बघत बसायचे.

ते जव्हारला शाळेत मास्तर होते. त्यांना स्वतःला बहिणीची किडनी बसवलेली. जव्हार-मोखाड्यात कुणाच्या किडन्या गेल्या की दवाखान्यातलेच सांगायचे, गुरुजींना भेटा. इस्पितळ कुठलं निवडायचं, ते गुरुजी पेशंटला बरोबर नेऊन ठरवायला लावायचे. अमुकच इस्पितळ बरं, असं त्यांचं ठाम मत नव्हतं. सूर्यमाळच्या एका पेशंटचा मुलगा ठाण्यात राहत होता, त्या पेशंटला त्यांनी मुंबईलाच पाठवलं.

दोन हजार सालाच्या पुढेमागे माझ्या बायकोच्या, जानकीच्या किडन्या गेल्या. तिचा भाऊ किडनी द्यायला तयार झाला. मला मुंबईचं मोठं इस्पितळ पाहिजे होतं. गुरुजी बरोबर आले.

आम्हा डोंगरातल्या माणसांना एक खोड आहे. डॉक्टरनं काही विचारलं की आम्ही हो म्हणतो. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, ऑपरेशननंतर तीन महिने जवळपास राहाल ना? मी हो म्हणालो. पुढे दर महिन्याला याल ना? हो म्हणालो.

बाहेर आल्यावर गुरुजींनी विचारलं, "कुठे राहणार आहेस, लक्ष्मण?"

मुंबईत आमचं कुणी नव्हतं.

"तुझ्या या हो म्हणण्यानं ती मरेल," ते म्हणाले.

जानकी हसली. "लग्नात पण हे असेच हो बोलले होते, गुरुजी. काय विचारलं ते ऐकलंच नव्हतं."

मग नाशिक. इस्पितळ मध्यम, रंग उडालेलं. बाकड्यावर त्र्यंबककडची एक बाई भेटली, किडनी बसवून सहा वर्षं झालेली. गुरुजींच्या शेवटच्या प्रश्नाला तिनं सरळ सांगितलं की बरोबरचे दोघे गेले, एकानं गोळ्या सोडल्या, दुसऱ्याला कावीळ झाली. गुरुजी आम्हाला म्हणाले, "इथं लपवत नाहीत. आणि मोखाड्याहून एका एसटीत येता येतं. पण तुम्ही ठरवा." ठरवलं जानकीनं. मी नुसता मान हलवत होतो.

तिथंच ऑपरेशन झालं. जानकी आठ वर्षं जगली. नाचणी लावली, नातवाला अंगाखांद्यावर खेळवलं. दर महिन्याला एसटीनं नाशिकला तपासणीला जायची, गोळी एक दिवस चुकवली नाही.

मग एका श्रावणात तिला ताप आला. मोखाड्यातल्या फोनवरून नाशिकला फोन लावला, सिस्टरनं उचलला, लगेच आणा म्हणाली. पण घाटात दरड आली होती. गाडी दुसऱ्या दिवशी पोचली. तिसऱ्या दिवशी जानकी गेली.

गुरुजी पोशेऱ्याला आमच्या घरी आले. मी जमलेल्या सगळ्यांसमोर ओरडलो, "मुंबईला केलं असतं तर वाचली असती. तुम्ही अडवलंत."

ते चिडले नाहीत. "असेल," म्हणाले. "मला नाही सांगता येत." आणि माझ्याजवळ खाली बसून राहिले.

पुढचं वर्षभर ते महिन्यातून एकदा येत. कोरा चहा घेत, पावसापाण्याचं विचारत. तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मग त्यांना बसवलेली किडनी थकली. मी भेटायला गेलो तेव्हा अंग सुजलं होतं. मला बघून त्यांनी बाजूला सरकून जागा केली. मी खूप वेळ बसलो. माफीचा शब्द तोंडाशी आला होता. म्हणालो, "येतो गुरुजी."

आठवड्यानं ते गेले.

जानकीची ती आठ वर्षं त्यांनी दिलेली होती. हे मला त्या दिवशी, सगळ्यांसमोर ओरडतानासुद्धा माहीत होतं.