चिनी सोयरे आम्हाला काय म्हणतील?

कोलकात्यात आटपाट सॉल्ट लेक होतं. तिथे बँकेतला एक मुलगा, त्याची लेक सई आणि तिची आजी, म्हणजे मी, असं मराठी कुटुंब राहत होतं. माणसांना ठेवलेली नावं रिकाम्या पिशव्यांसारखी घरात साचत जातात. फेकवत नाहीत, वापरवत नाहीत!

सईने केविनशी लग्न ठरवलं. पिढ्यान् पिढ्या कोलकात्याचा, पण वंशाने चिनी, घरात बोली कँटनीज. त्याला वाढवलं पोपोने, म्हणजे आईच्या आईने. तिने नाही म्हटलं की लग्न मोडलंच! रविवारी तिच्याकडे जेवायला जायचं होतं.

*

केविनला विचारलं, "तुमच्यात आम्हाला काय म्हणतात रे?"

"यान-डो-यान. भारतीय माणूस. हे चालतं, आजी."

"आणि न चालणारं?"

तो लाल झाला. "आ-चा. जुनी माणसं म्हणतात. तुम्ही नका म्हणू."

"मी कशाला म्हणू? मलाच म्हणणार ना!"

*

गोऱ्यांना म्हणे ग्वाइ-लो, म्हणजे भूत!

"काही गोरे हसतात, काही चिडतात," केविन म्हणाला. "माणूस बघून बोलायचं."

गोरे भूत, तर आम्ही कोण? रात्रभर डोळा लागला नाही.

*

शेजारच्या बौदी, म्हणजे बंगाली वहिनी, नातीला भरवत होत्या. "खा, नाहीतर बर्गी येईल!" बर्गी म्हणजे पूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे. नेमकी मी शिऱ्याची वाटी घेऊन दारात!

पोरीने मला पाहून मुकाट्याने भात गिळला. आता रोज जेवणाच्या वेळी मला बोलावणं येतं.

*

आमचं तोंड तरी कुठे धुतलेलं? पुण्याहून दिरांचा फोन. "वहिनी, चिंकी जावई केलात?" फोन स्पीकरवर, केविन समोर!

सई म्हणाली, "आजोबा, तो शब्द पुन्हा काढलात तर लग्नाला येऊ नका."

"अगं, प्रेमाने म्हटलं!"

"मग प्रेमाने केविन म्हणा."

*

रविवार. पोपो एवढीशी, नजर मात्र सुईसारखी. सईकडे बोट करून काहीतरी बोलली. त्यात "आ-चा" मला स्वच्छ ऐकू आलं.

केविन ताडकन उठला. "पोपो! तिचं नाव सई आहे."

सईने माझा हात घट्ट धरला. संपलं, म्हटलं.

पोपोने केविनला खाली बसवलं. मग माशाच्या गालाचा मानाचा तुकडा उचलला, सईच्या वाटीत ठेवला आणि हळूच एक शब्द बोलली.

मी घाबरत कुजबुजले, "काय म्हणाली रे?"

केविनचे डोळे भरले होते. "नातसून."