मनाची झाडलोट

दुष्काळाचं वर्ष. बहात्तर सरून त्र्याहत्तर लागलेलं. वसतिगृहाच्या पंगतीत मला ठसका लागला. पाणी वाढणारी मुलगी समोरून दोनदा गेली, पण माझ्या फुलपात्रात वरून धार सोडायला थांबली नाही. मी उठले. हंड्यात तांब्या बुडवला आणि प्यायले.

अक्का उठून आल्या. त्यांनी हंडा उचलला, मोरीत पालथा केला आणि राखेनं घासायला बसल्या. अख्ख्या धुळ्यात घोटभर पाण्यासाठी मारामारी आणि इथं भरलेला हंडा मोरीत. माझ्या डोळ्यांदेखत.

"अक्का, मी काय घाण आहे का?" मी ओरडले.

"संध्याकाळी बोलू."

संध्याकाळी म्हणजे प्रार्थनेनंतर. त्या वसतिगृहात आम्ही मुली मास्तरीण व्हायचं शिकत होतो आणि अक्का आमच्या अधीक्षक. खादीची साडी. आवाज कधी चढायचा नाही. रोज प्रार्थना झाली की त्या 'मनाची झाडलोट' घेत. प्रत्येकीनं उभं राहून आपल्या मनाचा एक दोष सांगायचा, त्यावर उपाय सांगायचा आणि तो लगेच सुरू करायचा. भिंतीवर षड्रिपूंची पाटी. कुणी म्हणे, लोणच्याचा लोभ सुटला, उद्यापासून लोणचं बंद. कुणाला मैत्रिणीच्या साडीचा मत्सर वाटे, ती तिथंच तिला मिठी मारी. मला हे सगळं मनापासून आवडायचं. म्हणूनच जास्त लागलं.

त्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा दोष अक्कांनीच हातावर ठेवला. "क्रोध म्हण. उपाय, मौन."

मी तेच म्हटलं.

हंडा ओतला त्यांनी आणि मन घासायचं मी! मौन सुटलं की पुन्हा वरून धार, पुन्हा राग. संध्याकाळी पुन्हा क्रोध, पुन्हा मौन. चोर सोडून संन्याशाला फाशी. जिला उद्या वर्गात उभं राहून बोलायचंय, तिचंच तोंड शिवून टाकलेलं. वैताग आला होता जिवाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला ते पटायलाही लागलं होतं. वाटायचं, माझंच मन नासकं.

बुद्धपौर्णिमेला नरडाण्याजवळच्या आमच्या गावी गेले. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या रुळावर खडी टाकायचे. आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून ते रोज सकाळी ओट्यावर डोळे मिटून बसत, मन बघत. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील.

"बठ्ठा सांगतस म्हनीसन ते खरं नई ऱ्हास, पोरी," ते म्हणाले. म्हणजे सगळे सांगतात म्हणून ते खरं नसतं. "तुना मनमा काय शे, ते तू देख."

त्यांच्याशेजारी बसले. डोळे मिटले. राग होताच, तो कुठं जातोय? पण त्याच्याखाली आणखी काही दबा धरून होतं. अक्कांनी काढून टाकलं तर? शिक्षण सुटलं तर? दुष्काळी कामावरची खडीची पाटी आईच्या डोक्यावरून माझ्या डोक्यावर आली तर? भीती होती ती. तिच्यापायीच मी रोज उभी राहून खोटं बोलत होते.

परत आले त्याच संध्याकाळी झाडलोटीत माझी पाळी आली.

"माझ्या मनात दोष आहे. भीती."

अक्कांनी पाटीकडे बघितलं. "तो यात नाही."

"माझ्यात आहे."

"बरं. उपाय?" त्यांनी सवयीनं विचारलं.

मी हंड्याकडे गेले. तांब्या बुडवला. सगळ्यांसमोर पोटभर प्यायले. पाणी अंगावर सांडलं.

अक्कांचा आवाज पहिल्यांदा चढला. "उद्या सामान बांध! असल्या मुलीला मी इथं ठेवणार नाही!"

"तुमची पाळी राहिली, अक्का," मी म्हटलं. "तुम्ही एकदाही उभ्या राहिला नाहीत."

पाणी वाढणारी ती मुलगी मान खाली घालून बसली होती. माझी भीती गेली होती का? नाही. पण आता ती माझ्या पायात येत नव्हती.

"सामान मी बांधणार नाही," मी म्हटलं. "हंडा घासायचा तर घासा. उद्याही मला तहान लागणार आहे."