रंगूबाईंच्या ओसरीवरचं प्रस्थान

घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कोणी मुद्दाम जमवत नाही. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, असं करत दारामागच्या खिळ्याला अडकवलेली थोरली पिशवी एवढी फुगते की दारच लागेनासं होतं. किस्स्यांचंही तसंच आहे. मी हल्ली पुण्यात नोकरी करतो. ऑफिसात चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "रघू, तुझ्या तंजावूरचा एक होऊन जाऊ दे!" मग मी थोरली पिशवी उघडतो. आज हाताला लागलेत ते आमच्या कॉलेजच्या पेपरचे किस्से.

पेपरचं नाव 'मुट्रम'. तमिळमध्ये मुट्रम म्हणजे अंगण. महिन्यातून एकदा निघायचा, चार पानी, अर्धा इंग्लिश, अर्धा तमिळ. स्टाफ तीन माणसांचा. संपादक अंबुजा, ती कालव्याकाठच्या खेड्यातून रोज बसने यायची. फोटोग्राफर इनियन, पक्का तमिळ आणि त्याहून पक्का नास्तिक. तिसरा मी, राजवाड्यामागच्या गल्लीतला. माझं काम म्हणजे उरलेलं सगळं. आणि आम्हा तिघांच्या डोक्यावर इंग्लिशच्या ग्रेस मॅडम. अंबुजा आणि मी दोघंही तंजावूरचे मराठी. म्हणजे घरात जुनं मराठी, दाराबाहेर तमिळ आणि परीक्षेत इंग्लिश.

अंबुजाने एकदा तिच्या गावच्या बसची बातमी केली. संध्याकाळची शेवटची बस कॉलेजचा शेवटचा तास संपायच्या आधीच सुटायची, त्यामुळे खेड्यातल्या मुली तो तास रोज बुडवायच्या. बातमी छापून आली आणि एकच खळबळ उडाली. बस काही बदलली नाही. प्रिन्सिपॉलसरांनी तासच रद्द केला!

तर हीच बातमी पुण्याच्या अधिवेशनासाठी निवडली गेली. देशभरातल्या कॉलेजांचे पेपर काढणारी पोरं तिथे जमणार, आणि अंबुजाने स्टेजवर उभं राहून आपली बातमी मांडायची. मेल वाचून मॅडमनी सगळ्यांना कॉफी पाजली. इनियनचा पहिला प्रश्न, "पुण्यात भात मिळतो ना?" अंबुजा मात्र कॉफीचा टंबलर नुसता हातात धरून होती.

"अप्पा सोडणार नाहींत," ती म्हणाली.

*

पुणं म्हटल्यावर मॅडमनी मला बढती दिली. "रघू, तू मराठी. तिथल्या लोकांशी तूच बोल." आता आमचं मराठी आमच्या घरी उत्तम चालतं. घराबाहेर ते तोवर कधी नेलंच नव्हतं.

घसा साफ करून मी फोन लावला. "नमस्कार. आम्ही तंजावूराहून बोलतों. आमचीं चार माणसें येताहेत. उतरावयास जागा कोठें दिल्ही आहे, तेवढें कळवावें."

पलीकडून एका मुलाचा अत्यंत आदराचा आवाज आला, "आजोबा, घरात कोणी तरुण माणूस असेल तर त्याला फोन देता का?"

मी एकोणीस वर्षांचा होतो! शेवटी फोन इनियनने घेतला आणि तोडक्यामोडक्या हिंदीत दोन मिनिटांत खोल्या ठरवल्या.

*

अंबुजाच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, तयार करायला आम्ही शिष्टमंडळ घेऊन गेलो. माधवराव गावातल्या शाळेचे हेडमास्तर. शाळेच्या घंटेपेक्षा कमी बोलणारा माणूस. मॅडमनी साडी इस्त्रीची नेसली होती, मी केस चापून बसवले होते, इनियनने तर चक्क कपाळाला विभूती लावली होती. "पत्रकाराने माणूस बघून वेश करावा," हे त्याचं स्पष्टीकरण.

आम्ही मुद्दे वाटून घेतले होते. मॅडम शिक्षणावर बोलणार, मी सुरक्षिततेवर, इनियन देशाच्या भवितव्यावर. माधवरावांनी आम्हाला आधी पानावर बसवलं. समोर खिडकीत 'मुट्रम'चा तो अंक पडला होता, बसच्या बातमीवर कॉफीच्या टंबलरचा गोल उमटलेला. इनियनला तो अपमान वाटला. त्याने मला कोपराने ढोसलं.

मॅडम सुरू झाल्या. मुलींचं शिक्षण, मुलींना मिळणारी संधी, त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी त्यांना एकटीला चेन्नईला कसं पाठवलं... बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. आम्ही हातातला घास हातात ठेवून ऐकत होतो. अंबुजाची अम्मा स्वयंपाकघराच्या दारात डोळे पुसत होती. मॅडम थांबल्या. सगळे माधवरावांकडे बघू लागले.

माधवराव म्हणाले, "मॅडम, रसम आणखी थोडें घ्या."

निघताना मी धीर करून विचारलंच. "मामा, मग अंबुजा येईल ना?"

"पाहूं," माधवराव म्हणाले.

आम्ही बाहेर येऊन उड्या मारल्या. पाहू म्हणजे निम्मा होकारच की! बस स्टॉपपर्यंत सोडायला आलेली अंबुजा मात्र मान हलवत होती. "आमच्या घरी 'पाहूं' म्हणजे 'नाहीं'. सायकल मागितली तेव्हां 'पाहूं'. हॉस्टेल मागितलें तेव्हां 'पाहूं'. आजवर कांहीं दिसलें नाहीं."

*

मॅडमनी अंबुजाचं तिकीट तरीही काढलं. आणि बदली खेळाडू म्हणून भाषणाची तयारी मला करायला लावली. माझं स्टेजवरचं वागणं सर्वांना ठाऊक होतं. दर वाक्याला 'अँड सो' येतं. पहिली तालीम झाल्यावर इनियन म्हणाला, "ह्यापेक्षा बसच स्टेजवर नेऊ या."

त्याच्या फोटोंची गत वेगळी नव्हती. मॅडमनी लॅपटॉपवर एकेक फोटो बघितला आणि चष्मा काढला. "इनियन, सगळे बसच्या पाठीचे कसे?"

"मॅम, मी शेवटचा तास संपल्यावरच जात होतो. मी पोचायचो तेव्हा बस सुटलेली असायची."

मॅडमनी चष्मा लावून सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग म्हणाल्या, "एकही वगळू नकोस. हीच बातमी आहे."

*

मध्येच एकदा माधवराव मला बाजारात भेटले. हातात केळीच्या पानांची गुंडाळी. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, पुढे गेले, पुन्हा मागे आले.

"पुण्यांत थंडी असते कां?"

"असते म्हणतात, मामा."

"हं," म्हणाले आणि गेले.

मी धावतच कॉलेजात पोचलो. संपादकीय बैठक भरली. इनियनचं मत, 'हं' हा होकार. मॅडमचं मत, दोन बाजूंनी खात्री झाल्याशिवाय बातमी छापायची नसते. शेवटी अंबुजाला विचारलं.

"त्यांस हवामानाची आवड आहे," ती म्हणाली. "रोज टीव्हीवर काश्मीरचें बर्फही पाहतात. आम्ही काय काश्मीरास चाललों आहों?"

सगळे हसलो. ती हसली नाही. त्या बातमीसाठी ती महिनाभर बसमधल्या मुलींशी बोलत होती, एकेकीची गोष्ट तिला पाठ होती. ती मी 'अँड सो' करत सांगणार, ह्याचं मला मनापासून वाईट वाटत होतं.

*

आता मुख्य भानगड. आमची गाडी शुक्रवारी सकाळी पावणेअकराची. आणि तंजावूरचं शेंबडं पोरही सांगेल की शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला लागतो. राहुकाळात आमच्याकडे कोणी नवी साडीसुद्धा नेसत नाही, मग प्रवासाला काय निघणार!

गंमत म्हणजे त्याच महिन्याच्या 'मुट्रम'मध्ये मी राहुकाळावर खणखणीत अग्रलेख लिहिला होता. 'विज्ञानयुगात घड्याळाला घाबरणारे लोक' वगैरे. आमच्या पेरियम्माने, म्हणजे माझ्या थोरल्या काकूने, तो चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"फार छान लिहिलेंस पा," ती म्हणाली. "आता बुधवारीं सकाळीं वेळ बरी आहे. बॅग रंगूबाईंकडे नेऊन ठेव."

ह्याला म्हणतात प्रस्थान ठेवणं. निघायची वेळ वाईट असली तर आधीच चांगली वेळ बघून आपलं सामान दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. सामान निघालं म्हणजे तुम्ही निघालात. मग राहू काय, केतू काय, कोणी वाकडं करू शकत नाही. आमच्या लोकांत ह्यासाठी ठरलेलं घर रंगूबाईंचं. आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला, मोठी ओसरी आणि पोटात गोष्ट ठेवणारी बाई. तंजावूरच्या मराठ्यांची निम्मी पोरं अमेरिकेला गेली ती त्या ओसरीवरून.

बुधवारी मी बॅग घेऊन रंगूबाईंकडे पोचलो तर इनियन हजर. "मी असलं मानत नाही," म्हणाला आणि कॅमेऱ्याचा ट्रायपॉड ओसरीच्या कोपऱ्यात टेकवला. "पण ट्रायपॉड कशाला धोक्यात घालायचा?" थोड्या वेळाने ग्रेस मॅडम आल्या. त्या तर दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. "हे सगळं मला पटत नाही हं," असं इंग्लिशमध्ये ठणकावून सांगून त्यांनी आपली छत्री ठेवली.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की लॅपटॉप बॅगेत राहिला. भाषण, इनियनचे फोटो, सगळं त्यात! मी परत निघालो तशी पेरियम्मा दारात आडवी आली. "ठेवलेलें प्रस्थान घरी आणतात कां? गेलेला माणूस परत आला असें होतें!"

"पेरियम्मा, तालीम करायची आहे!"

"मग तेथेंच कर."

म्हणून राष्ट्रीय अधिवेशनाच्या शेवटच्या दोन्ही तालमी रंगूबाईंच्या ओसरीवर झाल्या. श्रोते म्हणजे रंगूबाई, त्यांच्या दोन शेजारणी आणि भाजीवाली. मी 'अँड सो' करत इंग्लिशमध्ये बोललो. रंगूबाईंनी आम्हाला चकलीसारखे मुरुक्कू दिले आणि निकालही दिला. "ज्या मुलीची गोष्ट, तिलाच सांगूं द्या. तू आपला पाणी दे तिला मधून मधून."

विज्ञानयुगावरचा माझा अग्रलेख त्याच ओसरीवर रद्दीत होता. मुरुक्कू त्यावरच ठेवले होते.

*

गुरुवारी संध्याकाळी अंबुजाचा फोन आला. अप्पांना तिने शेवटचं विचारलं होतं. उत्तर तेच, "पाहूं."

"नीट बोल," ती मला म्हणाली. "मुलींचीं नांवें विसरूं नको. आणि तें 'अँड सो' घरीं ठेवून जा." मग म्हणाली, "उद्यां स्टेशनावर येतें. अप्पा म्हणाले, मैत्रांस निरोप तरी देऊन येऊं." तिचा आवाज अगदी सरळ होता. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिकीट मी रद्द करणार नाही. राहू दे सीट रिकामी."

शुक्रवारी सकाळी आम्ही ओसरीवर सामान घ्यायला गेलो. माझी बॅग, ट्रायपॉड, छत्री. निघणार तेवढ्यात रंगूबाई देवघरातून एक तपकिरी रेक्झिनची बॅग ओढत आल्या. वर दोरीने बांधलेला स्टीलचा डबा आणि एक लोकरीचा स्वेटर. स्वेटरला दुकानाचं लेबल तसंच लटकत होतं.

"हीही न्या."

"ही कोणाची?"

"न्या म्हटलें ना. बुधवारीं तुमच्याही आधीं आली आहे. सांगूं नको म्हणाले आहेत, मी सांगणार नाहीं."

ऑटोत बॅग मांडीवर घेऊन बसलो. डब्यातून चिंचभाताचा वास येत होता. इनियन माझ्याकडे बघत होता, मी मॅडमकडे. मॅडम बाहेर बघत होत्या. दोन बाजूंनी खात्री झाल्याशिवाय कोणी काही बोलणार नव्हतं.

स्टेशनवर अंबुजा आणि माधवराव मोपेडवरून आले. तिच्या हातात फक्त माझ्या भाषणाच्या सुधारणांचे कागद. गाडी लागली. घड्याळात राहुकाळ सुरू होऊन गेला होता. अंबुजा मला कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा ते सांगत होती. सांगता सांगता तिची नजर सामानाकडे गेली आणि ती थांबली.

"ही अम्माची बॅग आहे," ती म्हणाली.

तिने स्वेटरला हात लावला. मग वळून वडिलांकडे बघितलं.

"अप्पा... मी जाऊं?"

"पाहूं," माधवराव म्हणाले. आणि बॅग उचलून डब्यात चढले, तिची सीट शोधून काढली, बॅग सीटखाली नीट सरकवली आणि खिडकीची काच वर करून ठेवली.