मडकी दोनदा फुटली

कल्याणचा तो पाण्याचा मोर्चा मी अजून विसरलेलो नाही. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पाणी धड येत नाही म्हणून बायकांनी पालिकेच्या दारात मडकी फोडली. मोर्चा शांततेत संपल्याचं मी वायरलेसवर कळवलंही. आणि थोड्याच वेळात माझ्या हवालदाराच्या कपाळातून रक्त!

संध्याकाळी टीव्हीवर एकच दृश्य. एका बाईंचा उगारलेला हात, लगेच रक्ताळलेला हवालदार. खाली मथळा, 'मोर्चेकरी महिलेने पोलिसाला दगड मारला'. त्या बाई अंगणवाडी मदतनीस. पोलिसावर हल्ल्याचं कलम लागलं की नोकरी गेलीच समजा. हवालदार बंदोबस्ताचा दोर गुंडाळत वाकला होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. वरून फोनवर फोन, 'अटक कधी?' मी म्हटलं, 'तपास झाल्यावर, सर.' टीव्ही बघून अटक करायला मी काय रिमोट घेऊन बसलो होतो?

बाई ठाण्यात आल्या. 'देवाशप्पथ साहेब, दगड नाय मारला. मडकंच आपटलं.'

तेवढ्यात पालिकेसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आला. 'साहेब, मडकी दोनदा फोडली. चॅनलवाले लेट आलेले ना!'

माझी ट्यूब पेटली. उशिरा पोचायचं आणि 'पुन्हा एकदा करा' म्हणायचं, ही खोड मी नोकरीभर पाहिलेली. त्या चॅनलच्या कॅमेरामनला बोलावून आधी चहा पाजला. दरडावलं की माणूस मिटतो, चहाने सैलावतो. मग विचारलं, 'दुसऱ्यांदा फोडायला कोणी सांगितलं?'

त्याने कप खाली ठेवला. 'सर, शॉट हुकलेला. तसाच परत गेलो असतो तर ऑफिसात शिव्या पडल्या असत्या.'

न कापलेलं चित्रीकरण त्यानेच काढून दिलं. त्यात त्याचाच आवाज, 'ताई, जरा जोरात आपटा ना!' मडकं फुटलं आणि खापरी उडून हवालदाराला लागली. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनीही जखमेत भाजलेल्या मातीचे कण असल्याचं सांगितलं. मी अहवाल दिला, 'हल्ला नव्हे, अपघात.' गुन्हा दाखल झाला नाही. चॅनलने खुलासा दाखवला, तोही डोळ्याचं पातं लवेपर्यंत.

बाई पुन्हा आल्या. 'नोकरी वाचली, साहेब. पण चाळीत मला दगडवाली म्हणतात. पोरगी शाळेत जायला तयार नाय.'

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी पाणी भरायच्या वेळी पूर्ण गणवेशात, हवालदाराला घेऊन चाळीत गेलो. नळावर गर्दी होती, बाईही रांगेत होत्या. हवालदाराने कपाळावरची पट्टी दाखवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, 'यांनी मला दगड मारलेला नाही. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी बोलावं.'

गुन्हेगार पकडणं हे निम्मंच पोलीसकाम. चारचौघांत गेलेलं नाव चारचौघांतच परत मिळवून द्यावं लागतं, हे मी त्या नळावर शिकलो. पदकं भिंतीवर आहेत. पण छाती फुगते ती त्या बाईंनी तिथूनच लेकीला मारलेली हाक आठवून, 'अगं, दप्तर घे. शाळेला उशीर होतोय!'