सईच्या छपरावर तांब्याभर पाणी

नाही, तांब्या माझ्या हातून निसटला नाही. मीच ओतला.

आज नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत माझ्या नातीच्या, सईच्या मॉडेलचं मार्किंग होतं. तिने बर्म्युडा बेटावरचं जुन्या पद्धतीचं घर केलंय. तिथे नदी नाही. म्हणून छप्पर दगडाचं, पायऱ्यापायऱ्यांचं, वरून चुना फासलेलं. छपरावरचा पाऊस घराखालच्या टाकीत जातो, तेच पाणी प्यायचं.

गळलं तर सई फेल. तरी पोरीने घरचा तांब्या आणून माझ्या हातात दिला. "आजी, पहिलं पाणी तू घाल. पण स्लोली हं."

आमच्यात नव्या टाकीत पहिलं पाणी मोठं माणूस घालतं, आणि हात आखडत नाही. मी अख्खा तांब्या उपडा केला.

सई पांढरी पडली. तिचे सर म्हणाले, "दॅट्स अ हरिकेन."

पाणी मात्र प्रत्येक पायरीवर थबकत, दमानं टाकीत उतरलं. टेबलावर थेंब नाही.

"पायऱ्या त्याच्यासाठीच असतात, आजी," सई म्हणाली. आता तिच्या आवाजात ऐट आली होती.

तुमच्याकडे पहिलं पाणी कोण घालतं ते लिहा. ही माझी नात, असं मी तिथे किती जणांना सांगितलं ते विचारू नका. सांगणार नाही.